म्युझियममधली आमची चूल

अमेरिका मी शाळेत असतानाच पूर्ण पाहून संपवली होती. तीही गोव्यातल्या आमच्या मुळगावातून न हलता, आमच्या ओटीवर मांडी घालून, उकडलेल्या चण्यांची वाटी मांडीत धरून. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, अण्णाकाका, तिकडे इंजिनिअर होते. एखाददुसरं वर्ष सोडून ते चतुर्थीला काकीला घेऊन घरी यायचे. येताना दोन गोष्टी हमखास आणायचे: वाटेत वितळून एकमेकांना कायमची चिकटलेली चॉकलेटं आणि भिंतीवर चित्रं पाडायचं एक लोखंडी यंत्र. बाबांचं धुतलेलं धोतर भिंतीवर ताणून बसवलं की पडदा तयार. गावातून खनिजाचे ट्रक दिवसभर धावायचे, त्यामुळे मुळगावात पांढरं असं काही पांढरं राहत नसे. अमेरिकेतला बर्फ आम्ही कायम तांबूसच पाहिला.

चित्रं बहुतेक एकाच घडणीची. मागे एक इमारत, पुढे कोटातले अण्णाकाका, आणि त्यांचा एक हात इमारतीकडे वळलेला, जणू ती त्यांनीच बांधून घेतली आहे आणि आता कंत्राटदाराचा हिशेब तेवढा चुकवायचा राहिला आहे. काकी एकाही चित्रात नसायची. फोटो तीच काढत असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. "हें वॉशिंग्टनाचें म्युझियम. फुकट!" काका सांगायचे. "हांगा चंद्रावयलो फातर आसा. हात लावंक दितात. ह्या बोटान लायला हांवें." मग चंद्राच्या दगडाला लागलेलं ते बोट सगळ्यांना दाखवलं जायचं. शेजारच्या म्हाताऱ्यांनी एकदा त्या बोटाला नमस्कारही केला होता, पण त्यात भक्ती किती आणि थट्टा किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका गावात म्हणे काटेरी तारेचं म्युझियम होतं. दुसरीकडे कुणी सुतळी गुंडाळत गुंडाळत घराएवढा गोळा केला होता आणि तो पाहायला लोक गाड्या घेऊन येत. एक घर असं होतं की तिथं कुणी मोठा पुढारी एक रात्र झोपून गेला होता, म्हणून दारावर पितळी पाटी. आमच्या घरी झोपून गेलेल्या पाहुण्यांच्या पाट्या लावायच्या म्हटल्या तर चतुर्थीतच भिंत पुरली नसती. आणि ती घंटा! भेग गेलेली, न वाजणारी घंटा, तिच्यासाठी बांधलेली इमारत, आणि ती पाहायला लागलेली रांग. "आमच्या देवळांत ही मोडीक गेल्ली आसती," शेजारचे विठूमामा म्हणाले. विठूमामा खाणीवर ट्रक चालवायचे. अमेरिकेतली ती जगप्रसिद्ध दरी पडद्यावर आली तेव्हा सगळी ओटी गप्प झाली, पण विठूमामांनी जाणकाराच्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हो खंयच्या मायनाचो खड्डो?" खाण नव्हे, नदीनं लाखो वर्षं कोरून काढलं आहे, असं काकांनी दुखावल्या आवाजात सांगितलं. "बरें," विठूमामा म्हणाले, "पूण माल खंय गेलो?"

ह्या सगळ्या अमेरिकेतलं आईनं काहीच पाहिलं नव्हतं. अमेरिका पाहायला जमलेल्या लोकांना चहा लागायचा, आणि चहा काही पडद्यावर होत नाही. आई आत चुलीपुढे असायची. काकांचा आवाज, लोकांचं "आगे बाये!" आणि विठूमामांच्या शंका एवढीच अमेरिका तिच्या वाट्याला यायची. पुढे लेकीनं मला तिकडे नेलं आणि ती घंटाही दाखवली. तिला भेग आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहून आले. एवढ्यासाठी विमानात गुडघे आखडून घ्यायची गरज होती का, हे लेकीला विचारायचं धाडस मात्र मला झालं नाही.

आता ती चूल. आमची रांदची कूड म्हणजे स्वयंपाकघर, घराच्या पाठीमागच्या अंगाला, दोन पायऱ्या उतरून. भिंती काळ्या, वासे काळे, वाशांवरून लोंबणारी कोळिष्टकंही काळी आणि जाड. उजेडासाठी कौलांत एक काच होती, पण तिच्यावर आतून काजळी आणि बाहेरून खाणीची धूळ बसलेली, म्हणजे उजेडाला दोन्हीकडून बंदी. चूल जमिनीलगत. पावसाळ्यात लाकडं भिजकी असत, ती पेटायच्या आधी तासभर नुसती रडत, आणि त्यांच्याबरोबर आईही. फुंकणी तोंडाला लावून ओणवी झालेली आई, ही माझ्या लहानपणाची सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली गोष्ट. तिच्या खोकल्यावरून आम्हाला घरात कुठूनही कळायचं, लाकूड सुकं आहे की ओलं. तिच्या डोळ्यांच्या कडा बारा महिने लाल. शिरा, उसळ, खतखतें, भाकऱ्या, येणाऱ्या जाणाऱ्याचा चहा, सगळं ओणव्यानं. उठताना ती एक हात भिंतीला लावायची, त्यामुळे त्या काळ्या भिंतीवर एका जागी तिच्या पंजाएवढं गुळगुळीत झालं होतं.

बाबांनी त्या वर्षी तिला शब्द दिला होता: चतुर्थी झाली की चूल मोडायची, कमरेएवढा ओटा घालायचा, गॅस आणायचा, आणि पूर्वेच्या भिंतीला जनेल फोडायचं. खिडकीला आमच्याकडे जनेल म्हणतात. पोर्तुगीज गेले, पण जनेल आणि पाव ठेवून गेले. ओट्यासाठी कडप्प्याची लादी आणून पडवीत उभी करून ठेवली होती, वरून पोतं पांघरून. आई येता जाता ते पोतं जरा बाजूला सारून लादीवरून हात फिरवायची. तिनं मागितलेली दुसरी गोष्ट मला तरी आठवत नाही. गॅसचं तिला तितकं नव्हतं, पण जनेलाचं फार होतं. "तातूंतल्यान केळीचीं झाडां दिसतलीं," असं ती मला म्हणाली होती, जसं कुणी म्हणावं की तिथून समुद्र दिसेल.

आणि नेमके त्या वर्षी अण्णाकाका अमेरिकेतलं एक जुनं गाव पाहून आले. म्हणजे गाव नवीनच, पण जुन्यासारखं ठेवलेलं. तिथं माणसं जुन्या काळचे कपडे घालून जुन्या काळची कामं करतात, आणि नव्या काळची माणसं तिकीट काढून ती पाहतात. कुणी मेणबत्त्या ओततो, कुणी घोड्याला नाल ठोकतो. पण काकांचा जीव अडकला होता एका बाईत. गैरसमज नको, तिच्या चुलीत. डोक्याला टोपी, पायघोळ झगा, आणि समोर उघड्या विस्तवावर टांगलेलं भांडं. त्या बाईची इतकी चित्रं त्यांनी काढून आणली होती की चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत ती पडद्यावरच होती. "पळयात!" काका म्हणाले. "चूल! उक्तो उजो! लोक रांगेंत रावतात. आनी आमी मूर्ख ती मोडूंक सोदतात." मग ते बाबांकडे वळले. "बाबल्या, ती लादी परत कर. रांदचे कुडीक हात लावपाचो ना. फुडल्या वर्सा म्हजे अमेरिकन इश्ट येतले, तांकां हांव ही चूल दाखयतलों."

बाबा 'बरें' म्हणाले नाहीत, पण 'ना'ही म्हणाले नाहीत. थोरल्या भावापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि घर दोघांचं होतं, हेही खरंच. आईनं आतून ऐकलं असणार, कारण चहाची तिसरी फेरी आलीच नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसे काका आमच्या आईच्या डोळ्यांच्या जिवावर संस्कृती वाचवायला निघाले होते.

तरीही आईला आशा होती, कारण काका काय, आज ना उद्या जाणार. पण चतुर्थीच्या दिवशी जे झालं ते केवळ आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकतं. आमच्याकडे पूजा झाली की घरातला थोरला पुरुष देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाला मोठ्या आवाजात घरचं सगळं सांगायचं आणि मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" असा गजर करायचा. अर्थाकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. समोर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली रानफळं आणि काकड्या, पोटात सकाळपासून काही नाही, आणि आतून पातोळ्यांना गुंडाळलेल्या हळदीच्या पानांचा वास. वाक्य थांबलं की तोंड आपोआप उघडतं.

काकांनी सुरुवात चांगली केली. "बा देवा म्हाराजा, आज ह्या घरचीं लेकरां बाळां तुज्या पांयांकडेन जमल्यांत, तांची राखण कर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "जे कोण पयस परदेशांत आसात, तांकां सुखरूप हाड म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आनी ह्या घरची मूळपुरसाची चूल, आसा तशी सांबाळून दवरपाची बुद्द सगळ्यांक दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. मी ओरडले, बाबा ओरडले, केरीहून आलेले काकीचे दोन भाऊ ओरडले, आणि दारात ओल्या हातांनी उभी असलेली आईसुद्धा ओरडली. तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला. तोंड मिटल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. ती आत पातोळ्या काढायला गेली. माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो, देवापुढे म्हटलेलं 'व्हय' कसं फिरवणार? आज मी असल्या गोष्टींना हसते. पण परवाच एका पूजेत भटजींनी काय सांगितलं हे न ऐकता मी हात जोडून मान डोलावली, तेव्हा फार हसण्यात अर्थ नाही.

आमचा गणपती पाच दिवसांचा. त्या पाच दिवसांत आमचं स्वयंपाकघर अधिकृतपणे म्युझियम झालं. काकांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं नाव बांधलं. रगड्याला, आदोळीला, म्हणजे विळीला, पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणाला, फुंकणीला. खतखत्यात डवली, म्हणजे पळी, फिरली की डवलीचं नावही फिरायचं. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या पट्ट्या हळदीच्या झाल्या आणि अमेरिकन इश्टांना, म्हणजे मित्रांना, वाचता येईल असं त्यांच्यावर काही उरलं नाही. मग आईचे फोटो. "शालन, मात्शें मुखार सर. फुंक मारतां तशें कर. ना, खरीच मार, धूंवर बरो येता." आई भावजींचा शब्द कसा मोडणार? तिनं फुंकर मारली, धूर बरा आला, आणि काका खोकत खोकत पडवीत निघून गेले. आपल्या वस्तुसंग्रहालयात ते स्वतः पाच मिनिटांच्या वर टिकले, असं मला आठवत नाही. दुरून डोंगर साजरे, आणि दुरून चूलही.

आज माझा भाचा मांद्र्याला पर्यटकांसाठी खोल्या चालवतो. त्यानं अंगणात एक चूल मांडली आहे, शेणानं सारवलेली, बाजूला रांगोळी. बाया तिच्यापुढे बसून फोटो काढून घेतात आणि उठताना गुडघे झटकतात. त्या चुलीत मी आजवर विस्तव पाहिलेला नाही. भाच्याला मी विचारलं, तर तो म्हणाला, "आत्या, धूर झाला तर लोक वाईट लिहितात." म्हणजे अण्णाकाकांपेक्षा त्याला अक्कल जास्त.

त्या पाच दिवसांत आईच्या शेजारी बसली ती काकी. काकी मूळची केरीची, समुद्राकाठची. इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही तिची बोली जशीच्या तशी होती, कारण तिथं तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं आणि जी भाषा वापरात नसते ती झिजत नाही. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वळायला ती बसली की थोड्याच वेळात तिचे डोळे वाहू लागायचे. "वयनी, तुमी भायर बसात, तुमकां सवंय ना," आई म्हणायची. काकी उठायची नाही. एकदा मी तिला विचारलं, इतकी म्युझियमं पाहिलीस, त्यातलं सगळ्यात चांगलं कुठलं? "माका काय खबर?" काकी म्हणाली. "मी आत जायनंय. माझे पाय दुखतत. मी आपली भायर बांकार बसतंय, गाडये थंय." मग फोटो कोण काढतं? "कोणय. वाटेन जाणारो." तिनं नेवरीची कड चिमटीनं मुरडली. "अमेरिकेतले बांक बरे असतत हां. सावळेत घालतत."

आई हसली. त्या गाऱ्हाण्यानंतर पहिल्यांदा. मग हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "हांवें व्हय म्हटलें गो वयनी. देवा मुखार व्हय म्हटलें." काकीनं आईपुढची फुंकणी उचलली, तिला बांधलेली ती पिवळी पट्टी वाचायचा प्रयत्न केला आणि परत ठेवून दिली.

पाचव्या दिवशी विसर्जनाआधीची पूजा. भटजींना अजून गावातली घरं करायची होती, म्हणून ते मंत्र जरा धावतच म्हणत होते. काका नारळ घेऊन पुढे सरले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काकी उठली आणि म्हणाली, "आज गाऱ्हाणा मी घालतंय."

आमच्या घरात बाईनं गाऱ्हाणं घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं. काकांनी भटजींकडे पाहिलं, भटजींनी बाहेर थांबलेल्या पोराकडे पाहिलं, जो त्यांना पुढच्या घरी न्यायला आला होता. "घालूं दी," भटजी म्हणाले, "पूण बेगीन." शास्त्राचे कितीतरी प्रश्न असे वेळेअभावी सुटतात. काकीनं काकांच्या हातातून नारळ घेतला आणि देवापुढे ठेवला.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. "मी ह्या घरची थोरली सून. हेंनी माका अर्धी अमेरिका फिरवली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सवय ती सवय.

"थंय एक जुना गाव असा. थंय एक बाई चुलीर रांदता, आणि लोक तिकीट काढून तिका बघतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मी भायर बांकार बसललंय. पाच वाजले. ती बाई टोपी काढून, झगो बदलून, आखूड पँटीत भायर इली आणि माझ्या बाजूक बसली म्हाराजा. मी तिका इचारलंय, बाये, घराक पण तुजी चूल असा? ती इतक्या हसली, म्हाराजा, इतक्या हसली, की तिका डोळे पुसूचे लागले. मगे आपल्या गाडयेत बसली आणि घराक गेली म्हाराजा!"

ह्यावेळी गजर जरा विरळ आला. वाक्य कुठे चाललं आहे हे काही जणांच्या ध्यानात आलं होतं. काका आरतीच्या तबकात काहीतरी शोधू लागले.

"माझी जाव पाच वाजता खंय जातली, म्हाराजा?" काकी म्हणाली. "तिचा घर हांगाच असा. ज्या कोणाक ती चूल म्हणान बघूची असा, तेका पयलो तिच्या फुडे बसय, ओल्या लाकडार फुंकर मारूक लाय, आणि मगे तेका इचार, म्युझियम व्हया काय म्हणान. आणि हेच्या आदी चुकान कोणाच्या तोंडातसून व्हय गेला असात, तर ता पोटात घाल, आणि माझ्या जावेक तिचा जनेल दी म्हाराजा!"

बाहेर कौलांवरून पाणी पडत होतं, तेवढाच आवाज. गाऱ्हाण्याला उत्तर न येणं म्हणजे अपशकुन, हे लहान पोरालाही माहीत. पण 'व्हय' म्हणावं तर अण्णाकाका समोर उभे. मी आईकडे पाहिलं. ती नेहमीसारखी दारात होती, आत एक पाय, बाहेर एक पाय. मग तिनं घसा साफ केला, त्या धुरानं बसलेल्या घशातून जेवढा निघेल तेवढा मोठा आवाज काढला, आणि एकटीनंच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" बाबा ओरडले. थोरल्या भावासमोर त्यांनी एवढा आवाज आधी कधी काढला नव्हता, त्यामुळे तो किती मोठा काढावा ह्याचा त्यांना अंदाज आला नाही आणि भटजी दचकले. मग विठूमामा, मग केरीचे दोघे, मग सगळी ओटी. शेवटी अण्णाकाकांनीही म्हटलं. अगदी हळू, पण म्हटलं. देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्याला गप्प राहायची त्यांचीही छाती नव्हती, चंद्राला बोट लावून आले होते तरी.

दोन दिवसांनी गवंडी आला. तो चुलीकडे वळला तेव्हा आई म्हणाली, "ती मागीर. आदीं जनेल." त्यानं पूर्वेच्या भिंतीवर घाव घातले. धोंड्या-मातीची भिंत ती, पहिले काही धोंडे जड गेले, मग एक मोठा तुकडा बाहेरच्या बाजूला कोसळला आणि सकाळचं ऊन सरळ आत येऊन पडलं. धूळ बसेपर्यंत आम्ही सगळे दारात थांबलो. काका पुढे होते, त्यांच्यामागे काकी, बाबा, मी. आई मात्र आतच होती. केळी दिसत होत्या, पण ती तिकडे पाहत नव्हती. ती मागे वळून त्या भिंती पाहत होती, डांबरासारखं ओघळून वाळलेलं काळं, वाशांवर हातभर जाड झालेली काजळी, हात टेकून गुळगुळीत केलेली ती जागा. चुलीच्या उजेडात हे सगळं तिला कधी दिसलंच नव्हतं. ती तिथंच, पडलेल्या मातीच्या ढिगावर बसली.

"इतलीं वर्सां हांव हांगा आशिल्लें?" तिनं विचारलं.

अण्णाकाकांनी चपला काढल्या, दोन पायऱ्या उतरून आत गेले आणि ढिगातले धोंडे एकेक करून बाहेर टाकू लागले.